राजाच्या बंडीवरचा चीक

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. दरबारात जरीचा अंगरखा, पण सकाळी जुनी बंडी चढवून स्वतः सुतारकाम करी. त्या राज्याची रीत अशी, की राजाची मिशी कधी झुकायची नाही. म्हणून वाड्यातलं सगळं तेल तिलाच पाजत. तिच्या टोकांवर दोन पोपट झोके घेत. खोटं वाटत असेल तर पोपटांना विचारा.

एकदा राणी हेमांगीसाठी झोपाळा करायचा म्हणून राजानं रानातल्या म्हाताऱ्या झाडाची फांदी तोडली. झाडाला विचारलंही नाही. चीक भळाभळा वाहिला, बंडीवर सांडला. झाडात एक मांत्रिक राहत असे. तो आतून गरजला, "डाग निघेपर्यंत बंडी निघणार नाही. सूर्य मावळेपर्यंत डाग राहिला, तर तू झाड होशील!"

राजा वाड्यात पोचला तो पावलांना साल फुटलेली. राजधोब्यानं घाबरून बंडीवर कढत पाणी ओतलं. चीक छातीभर पसरला, साल गुडघ्यापर्यंत चढली.

"अरे, राजा धुतोयस की हंडा?" राजा ओरडला.

खिडकीत धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, चिकाला ऊब म्हणजे पाहुण्याला आग्रह. हातपाय पसरतो. बर्फानं गोठवा, खरवडा, तेलानं सैल करा, रिठ्यानं धुवा. बसा पाठीवर."

राणी बसली. हिमशिखरानं बर्फाच्या बदल्यात गाणं मागितलं. राणी गायली. शिखर असं शहारलं की बर्फ आपसूक ओटीत पडला. रिठ्याच्या झाडाखाली शापित रत्नांवर नाग वेटोळं घालून होता.

"रत्नं ने."

"नकोत. रिठे दे."

असं कुणी मागितलंच नव्हतं. नाग बाजूला सरला. तिळाचं तेल यक्षिणीच्या घाण्यावर मिळालं. पण परतताना धनेशाला पिकलं उंबर दिसलं, तो गर्रकन वळला आणि बुधली उलटली.

वाड्यात पोचले तेव्हा सूर्य तटाला टेकलेला, साल राजाच्या कमरेला. बर्फानं चीक काचेसारखा कडक झाला. राणीनं उलथन्यानं खरवडला. काळजावरचा डाग तेवढा हटेना.

"तेल हवं," धनेश ओशाळून म्हणाला.

राणीनं राजाकडे पाहिलं. "महाराज, मिशी पिळा."

"राणी! झुकेल ती!"

"आणि झाडाला मिशी असते का?"

राजानं सूर्याकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, डोळे मिटले. "पिळा."

पोपट उडाले. तेलाची धार लागली, डाग सैल झाला, रिठ्याच्या फेसात वाहून गेला. साल गळून पडली. बंडी निघाली. मिशी मात्र भिजल्या मांजराच्या शेपटीसारखी लोंबली.

रानातून मांत्रिकाचा आवाज आला, "झुकली एकदाची!"

दुसऱ्या दिवशी राजा तशाच मिशीनं झाडापुढे गेला आणि रीतसर फांदी मागितली. झाडानं खुशीनं दिली. तिचा राणीला झोपाळा झाला, उरल्या तुकड्याचा पोपटांना.

त्या राज्यात अजून लाकूड तोडण्याआधी झाडाला विचारतात, मग हातांना तेल चोळतात. हातांचं उरलं तर मिशीला.