बॉलशिवायचा उत्तरार्ध

एकदा एका नगरात एक वृद्ध गुरुजी राहत होते. ते नेमकं काय शिकवतात हे कुणालाच माहीत नव्हतं, पण शिकायला लोक लांबून येत. त्यांच्या शिष्यांमध्ये चाळिशी उलटलेला एक गृहस्थ होता. स्वभावाने सरळ, वागायला नम्र, व्यसन एकच. तो बास्केटबॉल बघायचा.

त्या नगरात हे व्यसन मानत नसत. एका तेलाच्या व्यापाऱ्याने स्वतःचा संघ पोसला होता. बाहेरगावचे कसलेले संघ येऊन त्याच्याशी खेळायचे, आणि शनिवारी संध्याकाळी सगळं नगर लाकडी गॅलरीत जाऊन बसायचं. लग्नाचे मुहूर्त काढतानाही भटजी आधी विचारायचे, त्या दिवशी सामना नाही ना?

या संघात हणमंत ढाकणे नावाचा खेळाडू होता. उंची अशी की तो घरात आला की यजमान आधी पंख्याकडे बघायचे. त्याचा खेळही सरळ होता. रिंगखाली जायचं, मागच्याला पाठ लावून पाय रोवायचे, हात वर करून बॉल मागायचा, अंगावर दोघे असोत की तिघे, गर्रकन वळायचं आणि वरून आत ठोकायचा. त्याने ठोकला की सगळी गॅलरी पाय आपटायची. वेशीवरचा पानवाला दुकान न सोडता, नुसत्या त्या आवाजावरून सामन्याचा हाल सांगायचा. हणमंतच्या नावाने एक प्रेमी मंडळही चालत होतं, आणि आपला शिष्य त्या मंडळाचा चिटणीस होता.

मग काळ बदलला. संघाला एक तरुण प्रशिक्षक आला. त्याने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की रिंगखालून टाकला की गुण मिळतात दोन, आणि त्या मोठ्या अर्धगोल रेषेबाहेरून टाकला की मिळतात तीन. रेषा कित्येक वर्षं तिथेच होती. पण दोनापेक्षा तीन जास्त, हे माणसाला कुणीतरी एकदा ठासून सांगावं लागतं. त्या दिवसापासून जो तो रेषेबाहेरून टाकायला लागला. पाण्याच्या बाटल्या देणारा गडीसुद्धा बाटली लांबूनच फेकू लागला.

संघ जिंकत होता. तक्रारीला जागा नव्हती, आणि गॅलरीतला प्रत्येक माणूस तक्रार करत होता. टाकला, गेला. टाकला, नाही गेला. परत टाकला. शिष्याच्या शेजारी बसणारे मोघेकाका म्हणायचे, पूर्वी इथं भांडण बघायला मिळायचं, आता लोक पेटीत पत्र टाकतात तसं चाललंय, आणि तेही दुसऱ्याची पत्रं. पाय आपटणं हळूहळू बंद झालं. पानवाल्याला हाल कळेना.

शिष्याला सगळ्यात जास्त टोचायचं ते हणमंतचं. त्याच्या हाताला बॉल लागायचाच नाही. सामनाभर तो इकडून तिकडे जायचा, कुठेतरी उभा राहायचा, पुन्हा दुसरीकडे जाऊन उभा राहायचा. लग्नघरात एखादे लांबचे मामा फिरतात ना, काम काही नाही पण बसवतही नाही, तसा. व्यापाऱ्याच्याही हे नजरेत आलं. यंदा याला सोडून द्यावं का, असं त्याने प्रशिक्षकाला विचारलं. प्रशिक्षकाचं म्हणणं होतं की ठेवा, पण त्याने ते इतक्या टक्केवारीत सांगितलं की व्यापाऱ्याचा होता तो विश्वासही गेला.

प्रेमी मंडळाची तातडीची बैठक झाली. एवढ्या मोठ्या माणसाला असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे, यावर एकमत झालं. आणि प्रेमाने माणूस हतबल झाला की आपल्याकडे जे ठरतं तेच ठरलं. सत्कार. आपल्याकडे कुणाला तोंडावर जा म्हणवत नाही, म्हणून शाल देतात. शनिवारी शेवटचा सामना, लगेच शाल-श्रीफळ, चार भाषणं, आणि मानाने निरोप. व्यापाऱ्याला हे फारच पसंत पडलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं मंडळाने उचललं होतं.

ही बातमी हणमंतला सांगायला शिष्य स्वतः गेला. हणमंतने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझे गुडघे अजून बरे आहेत. मंडळाने हा विनय समजला आणि मानपत्रात त्यावर एक ओळ वाढवली.

मग शिष्य गुरुजींकडे गेला आणि सत्काराचं अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. गुरुजींनी सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "त्याला खेळायचंय का?"

"गुरुजी, आता त्याला खेळण्यासारखं राहिलंय काय? सगळा खेळ लांबून."

"मी ते नाही विचारलं," गुरुजी म्हणाले. पण अध्यक्षपद त्यांनी घेतलं. अट एवढीच घातली की ते फक्त समारंभाला येणार नाहीत, सामनाही पूर्ण बघतील.

शनिवार आला. मैदानाच्या एका कडेला व्यासपीठ, त्यावर सतरंजी, खुर्च्या, हार. गुरुजींना मैदानाच्या अगदी कडेच्या रेषेलगत पहिल्या खुर्चीत बसवलं होतं आणि शिष्य त्यांच्या शेजारी. पाहुणा संघ तगडा होता. पूर्वार्ध रोजच्यासारखा झाला. इकडून टाकला, तिकडून टाकला. मध्येच गुरुजींनी विचारलं, तुमचा हणमंत कुठाय? शिष्याने रिंगकडे उडालेल्या बॉलवरची नजर न काढता सांगितलं, असेल इथेच कुठेतरी.

मध्यंतर झालं. पंच बॉल काखेत घेऊन अध्यक्षांना नमस्कार करायला आले. गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा पंचांना वाटलं की ते बॉलला आशीर्वाद देणार. त्यांनी बॉल दिला. गुरुजींनी तो मांडीवर ठेवला, वरून उपरणं घातलं आणि म्हणाले, "आता उरलेला सामना याच्याशिवाय होऊ द्या."

व्यापारी धावत आला. त्याने हात जोडले, हसून पाहिलं, दुसरा बॉल मागवू का म्हणून हळूच विचारलं. गुरुजी म्हणाले, नको, मग तोही धरून बसावा लागेल. अध्यक्षांचा शब्द मोडायची त्या नगरात पद्धत नव्हती. पूर्वी एका अध्यक्षांनी चार तास भाषण केलं होतं, तेही लोकांनी पूर्ण ऐकलं होतं. पाहुण्या संघाला सामन्यानंतर श्रीखंड-पुरीचं जेवण कबूल केलेलं होतं, त्यामुळे त्यांचीही काही हरकत नव्हती. पंचांनी डोळे मिटून नियम आठवून पाहिले. बॉल पाहिजेच असा नियम नक्की असणार, पण त्यांना तो ऐन वेळी आठवेना. त्यांनी शिट्टी वाजवली.

पहिली काही मिनिटं फार वाईट गेली. खेळाडू एकमेकांकडे बघत होते. मग सुजय नावाच्या नेमबाजाने, जणू हातात बॉल आहे असा, मनगट हलवत पळायला सुरुवात केली आणि बाकीचे सवयीने आपापल्या जागी धावले. सराव इतका झालेला होता की पायांना बॉलची गरज उरली नव्हती. सुजयने रेषेबाहेरून हवा उचलली आणि रिंगकडे टाकली. सगळ्या गॅलरीच्या माना वर झाल्या, कमान करून खाली आल्या.

"गेला," मोघेकाका म्हणाले.

पंचांनी तीन बोटं वर केली. पाहुण्यांचा कप्तान हुज्जत घालायला आला की रिंगला लागून बाहेर आला. पंच म्हणाले, मी जवळ होतो. कप्तान म्हणाला, त्याचा पाय रेषेवर होता, मग दोनच द्या. यावर पंच विचारात पडले, कारण पाय खरोखरच रेषेवर होता. शेवटी दोन दिले. गॅलरीत यावरून चांगलीच जुंपली, आणि कितीतरी महिन्यांनी लोकांना बरं वाटलं.

पण माणूस हवेकडे किती वेळ बघणार? शिष्याची नजर आधी सुजयच्या रिकाम्या हातांवर होती. मग ती तिथून सुटली, थोडा वेळ इकडेतिकडे भटकली आणि टेकायला जागा शोधत हणमंतवर येऊन थांबली.

त्याने पाहिलं की हणमंत धावत नाहीये, पोचतोय. सुजयच्या पाठी लागलेला गडी ज्या वाटेने येणार, त्या वाटेवर हणमंत त्याच्या आधी जाऊन पाय रोवून उभा राहायचा. तो गडी येऊन धाडकन त्याच्या छातीवर आदळायचा. तेवढ्यात सुजय मोकळा व्हायचा. आदळलेला गडी सावरेपर्यंत हणमंत तिथून निघालेला असायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या पोरासाठी तशीच भिंत करून उभा राहायचा. तिथून रिंगखाली. तिथे पाहुण्यांचा सगळ्यात दणकट माणूस त्याला पाठीने ढकलत होता, आणि दोघं मिळून एका हातभर जागेसाठी असे झुंजत होते की शिष्याच्या अंगावर काटा आला. हेच ते भांडण. तो दर शनिवारी हेच शोधायला यायचा आणि नाही म्हणून घरी जायचा.

बॉल आपटण्याचा आवाज नव्हता, त्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. मैदानातलं बोलणं ऐकू यायला लागलं. बोलत फक्त हणमंत होता. डावीकडून येतोय. मागे बघ. घाई करू नको. आणि प्रत्येक वेळी, ज्या पोरासाठी तो आडवा उभा राहायचा त्याला, फार मोठ्याने नाही, "मी आहे."

मोघेकाकांनी बोलणं थांबवलं होतं. वरच्या रांगेतल्या कुणाचातरी पाय एकदा आपटला. मग पाहुण्यांचे दोघे एकदम हणमंतवर येऊन आदळले, तो हलला नाही, सुजय मागे मोकळा झाला, आणि सुजयने हवा टाकायच्या आधीच सगळी गॅलरी दणाणली. व्यापारी उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि मध्येच शेजाऱ्याला विचारत होता की सगळे सामने असेच ठेवले तर चालेल का.

शिष्य खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, हा असा खेळतो हे मला माहीत नव्हतं."

गुरुजी म्हणाले, "पूर्वी बॉल आणि हणमंत एकाच जागी असायचे. तू बघायचास बॉल, आणि तुला वाटायचं मी हणमंत बघतोय. मग बॉल लांब गेला. त्याच्यामागे तुझी नजर गेली. हणमंत होता तिथेच राहिला, आणि तू म्हणालास, हणमंत संपला. अरे, जवळचा खेळ संपलेला नाही. त्यातून बॉल तेवढा निघून गेलाय."

शिष्य प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मला तो जुना खेळच आवडतो."

"मलाही," गुरुजी म्हणाले. "न आवडलं तर न आवडू दे. पण न आवडणं वेगळं आणि न दिसणं वेगळं."

सामना संपला. तो आपण जिंकलो की हरलो यावर नगरात अजूनही दोन मतं आहेत. हणमंत घाम पुसत व्यासपीठावर आला आणि त्याला दिलेल्या खुर्चीत कसाबसा मावला. मानपत्र तयार होतं. गुरुजींनी बॉल पंचांना परत दिला, शाल उचलली, हणमंतसमोरून सावकाश पुढे गेले आणि ती शिष्याच्या खांद्यांवर घातली.

"यांनी अनेक वर्षं निष्ठेने बॉल बघितला," ते लोकांना म्हणाले. "आता यांना यातून मोकळं करू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिष्य काहीतरी सांगू लागला, मला अजून बघायचंय, आत्ता कुठे दिसायला लागलंय, पण टाळ्या इतक्या मनापासून चालल्या होत्या की ते कुणाला ऐकू गेलं नाही. लोक हसतमुखाने त्याच्याकडे बघत होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. शाल लोकरीची होती, आणि त्याला एकाएकी फार गार वाटलं.

तो तशाच शालीनिशी हणमंतपाशी गेला आणि त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "हणमंतराव," तो म्हणाला, "चुकलंच माझं, आधी विचारायला पाहिजे होतं. तुम्हाला खेळायचंय का?"

हणमंतने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मग मघापासून मी काय करत होतो?"

व्यापारी बाजूलाच उभा होता. त्याने मानपत्राची घडी घालून खिशात टाकली आणि स्वयंपाक्याला सांगितलं की हणमंतच्या पानावर श्रीखंड दुप्पट वाढ. प्रशिक्षक म्हणाला, मी हेच सांगत होतो. त्याचं म्हणणं खरं होतं, पण तोवर सगळे जेवायला वळले होते.

पुढच्या शनिवारी सामना बॉल घेऊनच झाला. शिष्य आपल्या नेहमीच्या जागी होता. शेवटचं मिनिट, संघ एका गुणाने मागे. सुजय रेषेबाहेर, त्याच्या अंगावर दोघे. हणमंत आडवा गेला, पाय रोवले, दोघेही त्याच्यावर फुटले. बॉल सुटला. शिष्याची नजर हणमंतच्या पावलांवरून हलली नाही. ती पावलं एक बोटभरही मागे सरकली नव्हती.

नंतर भानावर येऊन त्याने मोघेकाकांना विचारलं, "काका, गेला का?"

"काय माहीत," काका म्हणाले. "मी पण तिकडंच बघत होतो."