विस्तव कुणाचा, राख कुणाची

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. म्हणजे निम्मी तरी असेल. मला ती एका गाढवाने सांगितली, आणि ते जेवणानंतर जरा वाढवून बोलतं.

पार पूर्वी एका राज्यात रीत होती. शेजाऱ्याने विस्तव मागितला तर नाही म्हणायचं नाही. आणि ज्याने विस्तव दिला, त्यानेच राख उचलून झाडांच्या बुंध्याशी घालायची.

मग राजाने विस्तवाचा मक्ता एकाच माणसाला देऊन टाकला. मक्तेदाराने दवंडी पिटवली, "विस्तव शेवटच्या ठिणगीपर्यंत माझा. एका चुलीतून दुसरीत नेला तर चोरी."

त्याने टेकडीवरची झाडं तोडली, मोठी भट्टी पेटवली आणि घरोघर निखारे धाडले. भट्टीतली राख मात्र कुंभारांच्या तळ्यात ओतली.

गोजरा कुंभारीण त्याच तळ्यातली माती काढायची. मातीत राख मिसळली तशी तिची मडकी भाजताना तडकू लागली. शंभरात एखादं टिकायचं, तेही वाकडं.

ती मक्तेदाराच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. "शेठ, तळ्यातली राख उचला."

"ऊब गावाने घेतली ना, गोजरे? मग राखही गावाची."

"आणि विस्तव?"

"तो माझा. तुला आजपासून बंद."

ती घरी आली तशी शेजारीण म्हणाली, "माफी मागून टाक गं. चुलीशिवाय काय खाशील?"

"पीठ," गोजरा म्हणाली.

दारात बांधलेल्या तिच्या गाढवाने कान हलवले. "माफीला पाठ वाकवावी लागते, आणि आपल्या घरात वाकायचं काम माझ्याकडे आहे. त्यापेक्षा ज्याचा माल त्याला पोचवू."

कुणाला नवल वाटलं नाही. त्या राज्यात गाढवं बोलायचीच, फक्त ऐकायचं कुणी नाही. गोजराने ऐकलं.

रोज सकाळी ती तडकलेल्या मडक्यांत तळ्यातली राख भरायची, गाढव वाहायचं, आणि दोघं मिळून ती मक्तेदाराच्या दारात ओतायची. आठवड्यात ओसरी दिसेनाशी झाली. पंधरवड्यात दार. मक्तेदार खिडकीतून ये-जा करू लागला आणि रोज पगडीसकट अडकू लागला.

शेवटी तो राजाकडे रडत गेला. राजाने गोजराला बोलावलं. गाढवही मागोमाग दरबारात आलं. "बाई, लोकांच्या दारात राख का टाकतेस?"

"टाकत नाही महाराज, परत करतेय. विस्तव शेवटच्या ठिणगीपर्यंत शेठचा. मग राख होऊन तो गावाचा नेमका कधी होतो, तेवढं त्यांनी दाखवावं. दाखवलं, तर तळ्यातली सगळी राख मी खाईन."

राजाने परातीत एक निखारा मागवला. मक्तेदाराला म्हणाला, "गावाचा झाला की बोट वर कर."

मक्तेदार टक लावून बसला. निखारा लालबुंद होता. "माझा," तो म्हणाला.

निखारा करडा पडला, आत थोडी धग. "अजून माझा."

दरबार जांभया देऊ लागला. आत मोहरीएवढी ठिणगी उरली. मक्तेदाराला तीही सोडवेना. "ही पण माझी," म्हणत त्याने निखारा मुठीत घेतला, कळवळला, मूठ उघडली. आत नुसती राख.

"कुणाच्या मुठीत आहे?" गाढवाने विचारलं.

राजाच्या हुकमाने मक्तेदाराने स्वतःच्या हातांनी तळं उपसलं. राख टेकडीवर नेली, तोडलेल्या प्रत्येक झाडामागे एक रोप लावलं आणि पाणी घालून जगवलं. राजा गाढवाला म्हणाला, "मक्ता आता तू घे."

"मी गाढव आहे," ते म्हणालं, "पण इतकं नाही."

मग मक्ताच मोडला. शेजारणीने गोजराच्या चुलीत निखारा आणून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी राख न्यायला टोपलं घेऊन आली. गोजराचं पहिलं मडकं न तडकता निघालं.

तात्पर्य: जो ऊब विकतो, त्यानेच राख उचलायची.

चला, गोष्ट ऐकलीत, आता बिदागी काढा. पैसे नकोत. एक टोपलं राख, झाडाच्या बुंध्याशी. टाळाटाळ करू नका, गाढवाला तुमची ओसरी ठाऊक आहे.