चांगुणेने मीठ आणले त्याची गोष्ट

एका राज्यात, जिथे राजा कर म्हणून धान्य घेत नसे, सोने घेत नसे, तर लोकांच्या जिभेवरची चव घेत असे, तिथे डोंगराच्या कुशीत सातवण नावाचे बासष्ट घरांचे गाव होते. ऐकणाऱ्याने हसू नये. चव गेलेल्याला हसू येत नाही.

झाले होते असे. राजा विशोकाच्या पणजोबांना कधीही रिते न होणारे भांडार हवे होते. कृष्णाक्ष नावाचा मांत्रिक म्हणाला, "महाराज, सोने चोर नेतो, धान्य उंदीर खातो. चव भरून ठेवा." राजाने मान डोलावली. त्या दिवसापासून गावागावांतून चवी गोळा होऊ लागल्या आणि भांडार फुगत गेले. पण त्याच दिवशी राजाची स्वतःची जीभ लाकडासारखी झाली, ती त्याच्या मुलाची, नातवाची, पणतवाचीही तशीच राहिली. शापाला उतारा होता. तो मांत्रिकाने भांडाराच्या दारावर बसणाऱ्या धनेश पक्ष्याच्या कानात सांगितला, आणि मग तो मांत्रिक वाऱ्यावर चालत राज्याबाहेर निघून गेला.

सातवणची गोड चव आधी गेली. मग आंबट, मग तिखट, शेवटी खारट. उरले ते कडू आणि तुरट. त्यांना राजवाड्यात गिऱ्हाईक नव्हते.

आता सातवणची एक चाल ऐका. गावाच्या वतीने राजसभेत बोलायला एक माणूस निवडत, त्याला गावमुख म्हणत. सुगी झाली की गावमुखाने अनवाणी सांगणशिळेवर उभे राहायचे आणि काय केले, काय राहिले, पुढे काय करणार, ते साऱ्या गावाला सांगायचे. शिळा मांत्रिकानेच बसवलेली. तिच्यावर उभे राहून पुढच्या वर्षाचा शब्द दिला आणि तो पाळला गेला नाही, तर शब्द देणारा दगड होई. उशिरा का होईना, तो शब्द खरा झाला तर पुन्हा माणूस होई. अजून एकही झाला नव्हता. शिळेच्या कडेला अकरा दगडी गावमुख ओळीने उभे होते. गावकरी दोर लावून त्यांना बाजूला सरकवत, कारण नव्याला जागा लागे. त्यांच्या पसरलेल्या हातांवर बायका लुगडी वाळत घालत.

अकरावा होता लिंबाजी. त्याने शब्द दिला होता, "गोड परत आणीन." वर्षाने तो रिकाम्या हातांनी शिळेवर चढला आणि म्हणाला, "या खेपेला जमले नाही, पण पुढच्या वर्षी..." तेवढ्यावर तो पायांपासून डोक्यापर्यंत दगड झाला. त्याची मुलगी चांगुणा तेव्हा सोळा वर्षांची होती. नऊ वर्षे ती रोज सकाळी त्याच्या खांद्यावरची कावळ्यांची घाण पुसत असे, आणि बापाच्या हातावर कुणी लुगडे टाकले तर भांडत असे.

पंचविसाव्या वर्षी ती गावमुख झाली. का झाली, ते गावाला ठाऊक होते. तिला बाप परत हवा होता.

गावात कोंडाई नावाची म्हातारी होती, तिच्या शब्दाला मान होता. ती म्हणाली, "चांगुणे, नियम ठाऊक आहे ना? गाव सांगेल तेच मागायचं. गावाच्या शब्दाबाहेर ज्याचा हात गेला, त्याच्या घरातून सात पिढ्या कुणी गावमुख व्हायचं नाही."

"ठाऊक आहे," चांगुणा म्हणाली.

"मग दारोदार जाऊन विचार."

ती बासष्ट दारे हिंडली. गोडासाठी दोरीला एक गाठ, आंबटासाठी दोन, तिखटासाठी तीन, खारटासाठी चार. दोरीवर चार-चार गाठींचीच झुंबड उडाली. कारण मीठ किती पडले हेच कुणाला कळत नव्हते. एका घरी मूठभर पडे आणि पोरे दिवसभर पाणी पीत बसत. दुसऱ्या घरी पडतच नसे आणि नांगर हाकता हाकता गडी भोवळ येऊन पडे. एकट्या गाठीची घरे थोडी होती. त्यांतले एक चांगुणेचे स्वतःचे.

दोरी कमरेला गुंडाळून ती निघाली. तीन डोंगर, तीन नद्या, आणि मग राजधानी.

पहिली कसोटी वेशीवर. तिथे भांडाराच्या दारावरचा तो धनेश येऊन बसला होता, चोच पिवळी, डोळा लाल. त्याने विचारले, "गावमुखा, सतराव्या घराने काय मागितले?"

चांगुणेने डोळे मिटून दोरी चाचपली. "खारट. घरधनीण म्हणाली, नवऱ्याला भोवळ येते."

"अठ्ठेचाळिसाव्या घराने?"

"तिखट. म्हातारा म्हणाला, एकदा नाक वाहू दे, मग मरतो."

"जा," धनेश म्हणाला, आणि वेस उघडली.

दुसरी कसोटी राजसभेत. त्या सभेत राजाची खोटी स्तुती केली की प्रत्येक शब्द तोंडातून शेवरीचा कापूस होऊन खाली पडे. चाळीस गावांचे गावमुख तीन दिवस बोलत होते. पहिल्या दिवशी कापूस घोट्यापर्यंत आला, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतले दोन बुटके गावमुख दिसेनासे झाले आणि झाडूवाल्यांनी त्यांना शोधून काढले. चांगुणा गप्प होती. तिची पाळी आली तेव्हा कापूस तिच्या हनुवटीला लागला होता.

ती म्हणाली, "महाराज, सातवणला मिठाची चव हवी."

एवढेच. तिच्या तोंडातून कापूस पडला नाही. राजा विशोकाने किती वर्षांनी कोण जाणे, मान वर करून पाहिले. त्याच्यापुढे सोन्याच्या ताटात पंचवीस पदार्थ होते आणि तो ते माती चघळावी तसे चघळत होता. "हिला भांडारात सोडा," तो म्हणाला. "एक रांजण. दुसरा बाहेर आणशील तर दोन्ही जातील."

तिसरी कसोटी भांडारात. धनेश दाराबाहेर थांबला. "आत मला मनाई आहे," तो म्हणाला. "आत काय होते ते ज्याचे त्यालाच माहीत."

चांगुणा आत गेली आणि जागच्या जागी थबकली. नजर पोचेल तिथपर्यंत रांजण होते, डोंगराएवढ्या दालनात, गावागावांचे, ओळीने, झाकण लावलेले, आणि प्रत्येकातून मंद गुणगुण येत होती. ज्या जिभांवरून त्या चवी उचलल्या होत्या, त्या जिभाच जणू आत बोलत होत्या. चिंचेच्या रांजणांपाशी तिचे दात आंबले. मिरचीच्या ओळीत डोळ्यांना धारा लागल्या. एवढे सारे एकेकाळी माणसांच्या ताटात होते, हे तिला खरे वाटेना.

सातवणचे चार रांजण तिला सापडले. खारटाचा तिने ओळखला, आंबटाचा ओळखला, तिखटाचा ओळखला. चौथा तिला ओळखता आला नाही, त्यावरूनच तो गोडाचा हे तिला कळले. तिच्या जन्माआधीच ती चव गावातून गेली होती. तिने कान लावला. आत कुणीतरी अगदी हळू हसत होते.

थोड्या वेळाने ती रांजण घेऊन बाहेर आली. तो मिठाचा होता.

धनेशाने रांजणाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

सुगी सरली, तशी चांगुणा परतली. गाव सांगणशिळेभोवती जमला. तिने पायतण काढले, शिळेवर चढली, रांजणाचे झाकण उघडले. पांढरी वाफ निघाली आणि घराघरांवरून फिरून आली. कुणीतरी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि ओरडला. मग सगळेच धावले. पिठले, कांजी, जे हाती लागेल ते लोक खात होते आणि रडत होते. रडताना अश्रू ओठांवर आले, तेही खारट लागले, म्हणून आणखी रडत होते. म्हातारी माणसे एकमेकांच्या गालांना बोट लावून चाखत होती.

कोंडाई पुढे आली. "चांगुणे, तुझा बाप गोडासाठी दगड झाला. गोड आणलं असतंस तर तो आज घरी आला असता. तरी तू आमचा शब्द राखलास. आमच्या अकरांत असं कुणी झालं नाही." ती वाकली आणि चांगुणेच्या पायांना हात लावू लागली. मागून सारे गाव वाकले.

आता खाली उतरायचे, की झाले. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे, गोड मागायचे, बाप सोडवायचा. चांगुणेने बापाकडे पाहिले. त्याचे तोंड अर्धे उघडे होते.

"उठा कोंडाई," ती म्हणाली. "माझे सांगायचे संपले नाही."

वाकलेले लोक सरळ झाले.

"भांडारात गेले तेव्हा मी मिठाला हात लावला नाही. आधी गोडाचा रांजण उचलला. तुमची घरे, तुमच्या गाठी, काही आठवले नाही. सात पावले चालले. मग कमरेची ही दोरी रांजणाच्या कानात अडकली. ओढली तर सुटेना. गाठ सोडवायला रांजण खाली ठेवला, आणि बोटाला चार गाठी लागल्या. तेव्हा लाज वाटली. दोरी अडकली नसती, तर मी आज गोड घेऊनच आले असते."

कोंडाईने हळूच विचारले, "हे करताना तुला कुणी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग का सांगितलंस? आता तुझ्या घरातून सात पिढ्या कुणी जायचं नाही. बापाला कोण आणील?"

चांगुणेला हुंदका आवरेना. "कोण आणील ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षाचा शब्द मी देत नाही. पण तुम्ही माझ्या पाया पडत होतात, ते मला सोसेना."

तेव्हा सांगणशिळा तडकली.

आवाज तीन डोंगर ओलांडून गेला. राजधानीत भांडाराचे रांजण एकामागून एक फुटले आणि चवी थव्यांनी उडाल्या. ज्या त्या गावाला, ज्या त्या घराला, ज्या त्या जिभेला त्या परत आल्या. राजा विशोक त्या वेळी भाकरीचा तुकडा मोडत होता. तो तोंडात घालून तो थांबला आणि आचाऱ्याला विचारता झाला, "हे काय आहे?" आचारी म्हणाला, "महाराज, नाचणीची भाकरी." राजाने ताटातले पंचवीस पदार्थ बाजूला सारले आणि भाकरी पुरी खाल्ली. मग त्याने दवंडी पिटवली, की यापुढे राजा पिकाचा वाटा घेईल, जिभेला हात लावणार नाही.

धनेश उडत सातवणला आला आणि तडकलेल्या शिळेवर बसला. "उतारा आज सांगायला मोकळा झालो," तो म्हणाला. "कर जिभेवर होता, तो जिभेनेच उतरायचा होता. न सांगता खपून गेले असते, ते ज्या दिवशी गावमुख शिळेवरून सांगेल, त्या दिवशी भांडार फुटेल. शंभर वर्षे मी वाट पाहिली. तुम्ही सगळे पुढचेच सांगत होतात." एवढे बोलून तो रानात निघून गेला.

चांगुणा पुन्हा कधी गावमुख झाली नाही. नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी गावमुख म्हणून राजसभेत कोंडाई गेली. पण तडकलेल्या शिळेवर उभे राहून आधी स्वतःची लाज सांगायची आणि मगच पुढचे बोलायचे, ही चाल तेव्हापासून पडली, ती अजून आहे.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी ओळीतल्या अकरा दगडांना घाम सुटला. एकेक जण हात खाली घेऊ लागला, त्यांवर वाळत घातलेली लुगडी काढून बघू लागला. लिंबाजीच्या ओठांत रक्त आले, डोळे फिरले, आणि नऊ वर्षांपूर्वी अडकलेले वाक्य त्याने पुढे रेटले, "...पुढच्या वर्षी नक्की..."

चांगुणेने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बाबा, पुढचं राहू द्या. आधी घरी चला."

लिंबाजीने तिला ओळखायला वेळ घेतला. सोळाची पोर पंचविसाची झाली होती. कुणीतरी धावत गुळाचा खडा आणला. लिंबाजीने तो हातात घेतला, स्वतः खाल्ला नाही, मुलीच्या तोंडात घातला.

चांगुणा डोळे मिटून उभी राहिली. भांडारातले ते हळू हसणे आता तिच्या जिभेवर होते.

"हीच का ती, बाबा?" तिने विचारले.

"हीच," लिंबाजी म्हणाला.

सातवणच्या बासष्ट घरांची गोष्ट शिळेवर सुरू झाली, बापलेकीच्या उंबऱ्यात पुरी झाली. सांगणाऱ्याने काही झाकले असेल, तर त्याचे त्याने सांगावे.