झोळीतलं केळं

“पण बाबा, काहीच न देण्यापेक्षा जवळचं काहीतरी दिलं, तर त्यात चुकलं काय?”

रेवणबाबा तळपायात रुतलेला बाभळीचा काटा काढत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुणाला दिलं?”

“एका मुलीला.”

“तिनं काय मागितलं होतं?”

तेच सांगायला त्र्यंबकराव हुलसूरकर सकाळीच बाबांच्या मठात आले होते.

विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘ठाव’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं होतं. इंटरनेटवर चालणारं. शाळांनी वापरावं, दुकानांनी वापरावं, कारखान्यांनी वापरावं. चौकटीत काय हवं ते लिहायचं, की ठाव ते शोधून समोर ठेवणार. आणि त्याची एक ख्याती होती... ठाव कुणालाही रिकाम्या हाती पाठवत नसे. नेमकं सापडलं नाही, तर त्याच्या जवळपासचं काहीतरी देई. हे वाक्य त्र्यंबकरावांचं स्वतःचं होतं आणि प्रत्येक सभेत ते हसून सांगत.

गेल्या आठवड्यात एका वसतिगृहाच्या शाळेत मनकर्णा नावाच्या मुलीनं त्या चौकटीत लिहिलं, ‘माझे बाबा ऊस तोडायला कुठल्या कारखान्यावर गेलेत?’

ठावला ते माहीत नव्हतं. कुठून असणार? त्यानं जवळचं दिलं. सर्वांत जवळच्या साखर कारखान्याचं नाव, पत्ता, आणि तिथं जाणारी एसटी.

पोरगी निघाली. दुपारी एका कंडक्टरनं तिला स्टँडवर एकटी बसलेली पाहिलं आणि शाळेत आणून सोडलं. कुठं निघाली होतीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “संगणकानं सांगितलंय, बाबा तिथं आहेत.”

“मुलगी सुखरूप आहे,” त्र्यंबकराव म्हणाले. “पण उद्या जिल्ह्यातल्या शाळांशी आमचा करार व्हायचा आहे. आमची तेजस्विनी म्हणते, सर, जवळचं उत्तर आणखी अचूक करू. दुसरे म्हणतात, सरळ ‘सापडलं नाही’ असं लिहू. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बाबा. कोरं पान दाखवणं म्हणजे... दारात आलेल्याला हाकलणंच झालं की!”

काटा निघाला. बाबांनी तो उजेडात धरून बघितला आणि ओट्याच्या फटीत खोचला, पुन्हा कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून.

“दाखव तुझा ठाव.”

त्र्यंबकरावांनी उत्साहानं मोबाइल पुढं केला. “विचारा काहीही.”

“आपल्या मठाच्या विहिरीला पाणी कधी लागेल, विचार.”

त्र्यंबकरावांनी लिहिलं. क्षणात उत्तर आलं. तालुक्याच्या गावातलं एक दुकान, पाण्यातल्या मोटारींचं. सोबत फोन नंबर. घरपोच सेवा.

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “मोटार घरपोच! आणि पाणी?”

“तसं नाही, बाबा... विहीर म्हटल्यावर मोटार जवळची वाटते त्याला.”

“वाटू दे, वाटू दे. मनानं चांगला आहे.” बाबांनी डोळे पुसले आणि खुंटीवरची भगवी झोळी खांद्याला अडकवली. “ऊन चढायच्या आत फेरी उरकू. येतोस?”

त्र्यंबकरावांना नवल वाटलं. इतक्या वर्षांत बाबांनी त्यांना भिक्षेला कधी सोबत नेलं नव्हतं. ते लगेच उठले.

मठ टेकडीवर होता आणि खाली गाव असं नव्हतंच. वस्त्या होत्या, शेताशेतांत विखुरलेल्या. एका घरातून दुसऱ्या घरी हाक ऐकू जाणार नाही, इतक्या लांब. बाबांची वाट ठरलेली होती. कुठल्या बांधावरून चढायचं, कुठल्या ओघळीत उतरायचं, हे त्यांच्या पायांना माहीत होतं.

पहिल्या वस्तीवर बाबांनी “अलख” म्हटलं. आतून एक म्हातारी भाकरी घेऊन आली, झोळीत टाकली, नमस्कार केला. बाबांनी मान लववली आणि चालू लागले. तेवढंच. कुणी काही बोललं नाही.

“भाकरी मागावी लागत नाही?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“मागतो की. उभा राहतो म्हणजे काय करतो?”

दुसरी वस्ती सुंद्राबाईची. अंगणात सडा नव्हता. चुलीचा धूर नव्हता. बाबांनी “अलख” म्हटलं. बऱ्याच वेळानं सुंद्राबाई दारात आली. तरुण बाई, पदर खोचलेला. तिनं बाबांकडे सरळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

“आज नाय, बाबा.”

बाबा थांबले... आणि त्यांनी मान लववली. त्र्यंबकरावांना वाटलं, मघापेक्षा जरा जास्तच खाली.

बाई आत गेली. बाबा वळले.

त्र्यंबकरावांना ते खटकलं. एवढ्या उन्हात अनवाणी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं? मग वाटलं, त्या बाईलाही किती लाजल्यासारखं झालं असेल. घरात काही नसेल बिचारीच्या. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत वाटेत खायला घेतलेली केळी होती. बाबा पुढं बांध चढत होते, झोळी पाठीवर लोंबत होती. त्र्यंबकरावांनी एक केळं काढलं आणि हळूच झोळीत सरकवलं.

त्यांना बरं वाटलं.

ओढा ओलांडून पारूबाईची वस्ती आली. पारूबाई अंगणातच होती, तिचं तोंडही अंगणभर होतं. “या बाबा! आज संगं कोण आणलंय? चष्म्यावरनं तर मास्तर दिसतोय.” पिठलं द्रोणात घेऊन ती आली, झोळीचं तोंड उघडलं आणि रोजच्यासारखं विचारलं, “सुंद्रीनं काय वाढलं?”

बाबा बोलणार, तोच त्र्यंबकराव घाईनं म्हणाले, “केळं! केळं दिलं त्यांनी.”

पारूबाईनं झोळीत डोकावून पाहिलं. “अगंबाई, खरंच की! आम्ही पिठल्यावर आणि ही केळी वाटतीय. मोठ्या घरची झाली म्हणायची!” ती हसली. आत दूध उतू गेल्याचा वास आला तशी द्रोण झोळीत ठेवून पळाली.

बाबा तिथंच उभे राहिले. त्यांनी झोळीत हात घातला. केळं बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं...

“हे कुठल्या घरचं?”

“बाबा... सुंद्राबाईंच्याच घरचं धरा.”

“तिनं नाही म्हटलं होतं.”

“म्हणूनच.”

बाबांनी पुढच्या वस्तीकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं ओढ्याकडे उतरू लागले.

“बाबा! फेरी अर्धी राहिली.”

ते थांबले नाहीत. त्र्यंबकराव धापा टाकत मागून निघाले. एकदा उभं राहिलेल्या दारात बाबा त्या दिवशी पुन्हा जात नसत, एवढं त्यांना ठाऊक होतं. आज काय झालं, ते कळेना. आपल्या हातून काय झालं, तेही कळेना, आणि ते कळल्याशिवाय आता चैन पडायचं नव्हतं.

सुंद्राबाईच्या अंगणात बाबा दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांनी “अलख” म्हटलं नाही.

“माय, केळं परत द्यायला आलो.”

सुंद्राबाई दारात आली. “कसलं केळं?”

“तुझ्या घरचं म्हणतात.”

“माझ्या घरी कुठलं आलंय केळं, बाबा?” ती हसायला गेली, पण हसू मधेच अडलं. “पारू... पारूनं झोळी बघितली का?”

“बघितली.”

“मग आली का नाय ती?”

“केळं बघितलं तिनं.”

सुंद्राबाईचा चेहराच उतरला. ती दाराच्या चौकटीला टेकली. आतून कण्हण्याचा आवाज आला.

“सासूबाई पहाटेपासनं तापलीत. भ्रमात बोलतात, अंथरुणातनं उठून चालाय लागतात. त्यांना टाकून मी कुठं जाऊ? मालक फोन घेऊन बाजारला गेल्यात.” तिनं डोळ्याला पदर लावला. “पारू रोज विचारते, सुंद्रीनं काय वाढलं. नाय म्हटलं, की तिला कळतं घरात काय तरी झालंय. मागं असंच पारूनं नाय म्हटलं, तेव्हा तिच्या पुढच्या वस्तीवरनं माणसं धावली होती. पीठ आहे, बाबा. मूठभर घालता आलं असतं. मुद्दाम नाय घातलं.”

त्र्यंबकरावांच्या तोंडून निघून गेलं, “मग बाई, बाबांनाच का नाही सांगितलंत?”

सुंद्राबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या लहान मुलानं काही भलतंच विचारलं असावं. “दारात भिक्षेला आलेल्याला कुणी दुखणं सांगतं व्हय? त्यांनी घास कसा गिळायचा मग?”

बाबांनी केळं त्र्यंबकरावांच्या हातात दिलं. “जा. पारूला सांग.”

“मी?”

“दिलं कुणी?”

साठी उलटलेले प्राध्यापक हुलसूरकर ओढ्यातून धावत गेले. चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच राहिली. पारूबाईच्या अंगणात त्यांनी केळं पुढं धरलं आणि कसंबसं सांगितलं, की हे माझं होतं, सुंद्राबाईंनी काहीच दिलं नव्हतं, त्यांच्या सासूबाई तापल्यात.

पारूबाईला दोन वेळा सांगावं लागलं नाही.

“अवो, मग तोंड कशाला घातलंत मधी?” ती कडाडली. “चांगलं वाटावं म्हणून? कुणाला? अवो बाळ्याचे बाबा, मोटारसायकल काढा! सुंद्रीच्या सासूला दवाखान्यात न्यायचंय!” बोलता बोलता तिनं गरम पेज किटलीत ओतली, पदर कमरेला खोचला आणि त्र्यंबकरावांकडे न बघता ओढ्याकडे निघाली. जाता जाता म्हणाली, “मास्तर, तुमच्या शाळेत पोरं काय शिकत असतील देव जाणे!”

मोटारसायकल गेली. मधे म्हातारी, मागं तिला धरून सुंद्राबाई. पारूबाई मोकळं घर राखायला ओट्यावर बसली.

ऊन चांगलंच तापलं होतं. बाबा आणि त्र्यंबकराव परतीच्या वाटेवर एका करंजीखाली टेकले. बाबांनी भाकरी मोडली, अर्धी पुढं केली. त्र्यंबकरावांनी ती हातातच धरली.

“बाबा...”

“हं.”

“त्या शाळेत वसतिगृहाच्या बाईंची खोली संगणकाच्या खोलीला लागूनच आहे. मनकर्णाचे वडील कुठल्या कारखान्यावर आहेत, ते त्या बाईंना माहीत होतं. दर आठवड्याला त्या फोन करतात त्यांना. मला हे आठ दिवस समजत नव्हतं, की पोरगी उठून शेजारच्या खोलीत का गेली नाही. तिच्याही झोळीत मी केळं टाकलं होतं.”

बाबा पिठलं खात राहिले.

त्र्यंबकरावांचा मोबाइल वाजला. तेजस्विनी होती. “सर, करार छापायला द्यायचा आहे. ‘ठाव कुणालाही रिकाम्या हाती पाठवत नाही’ हे वाक्य वरच ठेवलंय. ठीक आहे ना?”

त्र्यंबकरावांनी चिखलानं भरलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं.

“काढ ते.”

“सर? मग तिथं काय लिहू?”

“माहीत नसेल तर ठाव ‘माहीत नाही’ म्हणेल. आणि शाळेत कुणाला विचारावं, ते सांगेल. तेवढंच लिही.”

“सर, शाळा दुसऱ्यांकडे जातील. तुम्हीच म्हणायचात...”

“म्हणायचो. मला भीती वाटते आहे, तेजस्विनी. तरी लिही.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ ते झोळीकडे बघत बसले. सॉफ्टवेअर बदलता येईल. पण त्याच्यावर आता कोण भरवसा ठेवेल? आणि त्या पारूबाईच्या अंगणात आपण पुन्हा कुठल्या तोंडानं उभे राहणार?

“बाबा, उद्या मी इथंच राहिलो, तर मला फेरीला न्याल?”

“नेईन की. झोळी तूच धर.”

“पण पारूबाई विचारतील, सुंद्रीनं काय वाढलं. मी काही सांगितलं तरी त्या आता मानणार नाहीत. काय सांगू मी त्यांना?”

बाबांनी हात झटकले आणि उठले.

“काही सांगू नकोस... तिला झोळी बघू दे.”