चार गाठी शिल्लक

“मग तुमचं घर येणार की नाही, तेवढंच सांगा, आकी!”

सपावीने तिसऱ्यांदा विचारलं.

मेरिंगाई आकी ओसरीवर बसून वल्हं तासत होते. त्या मुलखात आजोबांना आकी म्हणतात, आणि मेरिंगाई त्या अख्ख्या लांबघराचेच आकी होते. एका छपराखाली बावीस कुटुंबं, सगळी दायाक जमातीची, आणि बाविसांना मिळून एकच ओसरी.

सपावी खालच्या गावचा मलय. चार महिन्यांपूर्वीपर्यंत शाळेत मास्तर. तिथल्या गोऱ्या राजाने हा सारावाक देश परस्पर इंग्लंडच्या बादशहाला देऊन टाकला, तेव्हा कितीतरी मास्तर नोकऱ्या सोडून बाहेर पडले, त्यांतला हा एक. आता नदीकाठच्या घराघरांत फिरत होता. बारा दिवसांनी सगळ्यांनी शहरात जमायचं, बादशहाच्या नव्या साहेबाच्या दारापुढे नुसतं उभं राहायचं, हा त्याचा निरोप.

“अख्खं घर न्यायचंय? पिशवी आणलीस का, मास्तर?”

“हसू नका, आकी. एक गोरा दुसऱ्या गोऱ्याला आपला देश देतो, जसा काही कोंबडा!”

“छे. कोंबडा द्यायचा असता तर घरच्या बाईला विचारलं असतं.”

सपावी चिडला.

“तुमचे बापजादे असे नव्हते. त्या वेळच्या गोऱ्या राजाची गढी पाडायला या नदीची सात घरं उठली होती. मी वर्गात शिकवायचो हे. फळ्यावर सात होड्या काढायचो. पोरं बाकांवर ताल धरायची, होड्या वल्हवायची...”

त्याला तो वर्ग आठवला. खडूने पांढरी झालेली बोटं. आता तिथे कुलूप.

“सात काढायचास?” आकींनी विचारलं.

“सात.”

आकींनी वल्हं बाजूला ठेवलं. चुलीवरच्या फळीवरून एक टोपली काढली आणि टोपलीतून एक दोरी. धुराने काळी, जुन्या मुळासारखी ताठ. तिला चार गाठी होत्या.

“निघायला जितके दिवस, तितक्या गाठी. प्रत्येक घराला एक दोरी. रोज सकाळी एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की होड्या पाण्यात.”

आकींनी डोळे मिटले.

“काय सकाळी होत्या त्या, पोरा! वडील या खांबाशी बसायचे. बाया चुलीवरचा भात सोडून यायच्या. गाठ सुटली की आम्ही घंटा वाजवायचो. मग पुढच्या वळणावरच्या घराची वाजायची. मग त्याच्या पुढची... सगळी नदी वरपर्यंत वाजत जायची. मी पाच-सहा वर्षांचा असेन. अजून कधीकधी सकाळी कान देऊन बसतो.”

“आणि या चार?”

...

“राजाचा माणूस आला. मीठ आणलं, तंबाखू आणला. मलयच होता, तुझ्यासारखा. टोपीसुद्धा अशीच. गोड बोलायचा. म्हणाला, जे घर जागचं हलणार नाही, ते जळणार नाही.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी वडील दोरी घेऊन बसले. दुपार झाली. उठले आणि दोरी टोपलीत ठेवली.”

“आणि बाकीची घरं?”

“सहा घरं संगमावर गेली. सातव्याची वाट बघत दोन दिवस थांबली. तेवढ्यात राजाची तोफेची नाव आली.”



“नावेत गोरे किती होते?”

“दोन.”

“दोनच? मग वल्हवत कोण होतं?”

“अर्धे तुझे. अर्धे माझे.”

...

“आणि हे घर?”

“जाळलं नाही. शब्दाचा पक्का होता तो. तू टेकलायस तो खांब त्या वेळचाच.”

सपावी खांबापासून झटकन दूर झाला.

“म्हणजे तुम्ही फितूर!”

“हो.”

“आणि ही दोरी जपून ठेवता? जाळून का नाही टाकत?”

“भाताच्या सणाला सगळ्यांच्या हातून फिरवतो. पोरं विचारतात, चार का उरल्या? मी सांगतो.”

सपावीने दोरी हिसकावून घेतली आणि पहिल्याच गाठीत नख घातलं. गाठ हलली नाही. त्याने दातांनी ओढून पाहिली. नख मोडलं, रक्त आलं.

आकींनी दोरी हळूच काढून घेतली.

“नाही सुटत. म्हातारपणी वडीलही बसायचे घेऊन. रोज सकाळी...”

नदीवरून वारा आला. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी भात कांडत होतं. सपावी खाली मान घालून बसला. त्याला वाटलं, उठावं आणि निघावं. या घरात मागण्यासारखं आता काही उरलं नाही.

आकींनी आत हाक मारली. सून नव्या दोरीचं भेंडोळं घेऊन आली. त्यांनी हातभर तुकडा कापून सपावीपुढे ठेवला.

“किती दिवस म्हणालास?”



“बारा,” तो कसाबसा म्हणाला.

“मग मार गाठी.”

त्याचा चेहरा उजळला. त्याने दोरी गुडघ्यांत धरली आणि एकेक गाठ मारू लागला. प्रत्येक गाठ दातांनी आवळायची, वर अंगठ्याने दाबायची. बारावी झाली. दोरी दोन्ही हातांत ताणून त्याने आकींपुढे धरली.

“घ्या! बघा, कशा पक्क्या आहेत!”

आकींनी सगळ्या गाठी चाचपल्या. मग दोरी परत त्याच्या मांडीवर ठेवली.

“सैल मार, मास्तर. सोडणाऱ्याचे हात थरथरत असतात.”