धुरपाआईचा विस्तव

फार फार वर्षांपूर्वी, काडेपेटी अजून आपल्या माळावर पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सकाळी ज्याची चूल विझलेली असे, तो खापर घेऊन शेजारी जाई आणि दोन निखारे मागून आणी. विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे. पण दिवेलागण झाली की विस्तव घराबाहेर जायचा नाही. गेला तर त्याच्यामागोमाग लक्ष्मीही जाते, असं म्हणतात. तिला जाताना कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण रीत ती रीत.

तेव्हा गावात धुरपा नावाची सुईण होती. काळी, ठेंगणी, तोंडाने फटकळ. तिच्या हातावर आलं नाही असं एकही पोर गावात नव्हतं. खुद्द पाटलाला तिनेच उलटा धरून रडवला होता आणि ते ती त्याला चारचौघांत ऐकवतही असे. तिच्या हातांना अशी ऊब होती, की गारठलेलं पोर नुसतं हातात घेतलं तरी पाय झाडू लागे, असं म्हणतात.

एका माघात अवेळी गारा पडल्या. माळाच्या टोकाला धनगरांची पालं होती, ती फाटली. चुली विझल्या, चकमकीचा कापूस भिजून चिंब झाला. आणि नेमकी तेव्हाच ठकू धनगरीण अडली. धुरपा गारा झेलत गेली आणि तिने ठकूला सोडवलं. मुलगी झाली. पण तिचे ओठ निळे पडत चालले होते, आणि त्या दिवशी धुरपाचे हातसुद्धा बर्फ झाले होते. गावापर्यंत न्यावी, तर पोर वाटेतच गेली असती.

"हिला पोटाशी धर. सोडू नगंस. मी इस्तू घिऊन आलेच," धुरपा म्हणाली.

"आई, लवकर या," ठकू म्हणाली.

"आलेच म्हनलं न्हवं!"

ती गावात पोचली तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. पाटलीण देवापुढून उठून दारात आली. "धुरपाआई, आत्ताच दिवा लावला बघा. उजाडू द्या, खापर भरून देते," म्हणाली आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या घरी खोबरं मिळालं. तिसऱ्या घरी वाटीभर तूप. माणसं वाईट नव्हती हो, आपलेच आजे-पणजे ते. सगळं गाव फिरून झालं. धुरपाचे हात भरले आणि खापर रिकामंच राहिलं.

तिने ते सगळं चावडीच्या पायरीवर ठेवलं. "मेल्यांनो," ती म्हणाली, "तुमाला जगात आनताना मी दिवा लागलाय का बघितलं न्हवतं."

माळाच्या कडेला आभाळ अजून तांबूस होतं. सूर्याची चूल पुरती विझली नव्हती. धुरपा खापर घेऊन तिकडे चालू लागली. वेशीतल्या म्हातारीने विचारलं, "कुटं निगालीस गं अंधाराची?"

"जितं दिवेलागन हुत न्हाई, तितं."

चालत चालत ती माळाच्या कडेवरून पलीकडे उतरली आणि सूर्याच्या आईच्या दारात उभी राहिली, असं म्हणतात. सूर्याची आई हसली. "आमच्याकडं कसली दिवेलागण, बाई? ने हवा तेवढा." तिने खापर शिगोशीग भरून दिलं. पण जी वाट जाताना एका रात्रीत सरली, ती येताना काही केल्या सरेना.

उजाडलं तशी सारं गाव निखाऱ्यांची खापरं घेऊन पालांकडे धावलं. पाटलीण सगळ्यांत पुढे. ठकू पोरीला पोटाशी धरून बसली होती. "आई म्हनाल्यात, सोडू नगंस," एवढंच ती म्हणाली. पोर केव्हाच थंड झाली होती. हातातल्या निखाऱ्यांचं काय करावं, ते कुणालाच कळेना. पाटलीण मोठ्याने रडली, पण रडून काय उपयोग? धनगरांनी त्याच दिवशी पालं उचलली. ते पुन्हा कधी आपल्या माळावर उतरले नाहीत. आणि धुरपाही परत आली नाही.

अजूनही एखाद्या रात्री माळाच्या कडेला आभाळ तांबूस उजळतं, मंदावतं, पुन्हा उजळतं. शिकलेली पोरं म्हणतात, लांब कुठे वणवा लागला असेल. असेल बापडा. आपल्याकडे म्हणतात, धुरपाआई निखाऱ्यांवर फुंकर घालतेय. ती अजून वाटेतच आहे. पोर गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायला तोंडही नाही कुणाला.

म्हणून आपल्या गावात दिवा लागला की आधी उंबऱ्याबाहेर खापरात दोन निखारे ठेवतात. घरोघरी गॅस आला, तरी गोवरीचा तुकडा पेटवून ठेवतातच. मागायला कुणी येवो न येवो. आणि माळाच्या कडेला तो उजेड दिसला, की ज्या घरात तान्हं असेल त्या घरची बाई ते गुंडाळून अंगणात आणते, उजेडाकडे उचलून धरते आणि म्हणते,

"आई, पोर उबंत हाय. सावकाश या."