सीमारक्षक चक्रांचा वर

त्रेतायुग सरत आले असता हिमवानाच्या पायथ्याशी कनकावती नावाचे समृद्ध राज्य होते. तेथील राजा रणंजय पराक्रमी खरा, परंतु त्याची सेना आजोबांच्या काळातली. रथ कुरकुरत, आणि हत्ती शत्रूपेक्षा आपल्याच पायदळाला अधिक तुडवीत. दरवर्षी उत्तरेचे दानव येऊन धान्य आणि माणसे पळवीत आणि सेनापती धृतवर्मा हात चोळत बसे. राजा त्याचा बालमित्र होता. राजाचे मस्तक दानवांच्या हाती लागू नये, या एकाच ध्यासाने धृतवर्मा विश्वकर्म्याचे शिष्य महर्षी तक्षायन यांच्याकडे गेला.

होमधूमाने सुगंधित झालेल्या त्या तपोवनात मृगशावकांच्या शेजारीच भट्ट्या धगधगत होत्या. धृतवर्म्याच्या प्रदीर्घ सेवेने महर्षी प्रसन्न झाले. त्याचे मागणे तोंडपाठच होते.

"भगवन्, आमच्या सीमेवर अशी चक्रे स्थापन करा, की जो कोणी शस्त्र हाती घेऊन बाहेरून आत येईल, त्याचे मस्तक तत्क्षणी उडावे. ती झोपू नयेत, भिऊ नयेत, त्यांना दया येऊ नये."

"तथास्तु. पण सेनापते, चक्रांना डोळे नसतात. तुझे वाक्य तेवढे त्यांना ठाऊक असेल. पुन्हा एकदा विचार कर."

धृतवर्म्याला यात विचार करण्यासारखे काही दिसले नाही. शरदात दानव आले आणि सीमेवरच त्यांची मस्तके उडाली. राजाने मित्राला छातीशी धरले, म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना मानवस्त्रे देऊन घरी पाठवले. सारे नगर सेनापतीचे गोडवे गाऊ लागले.

मग विजयादशमी आली. रिवाजाप्रमाणे राजा सेनेसह सीमोल्लंघनास गेला आणि धृतवर्मा स्वागतासाठी शमीवृक्षापाशी थांबला. वाद्यांच्या गजरात रणंजय परतला. डाव्या हातात आपट्याची पाने, उजव्या हातात उपसलेले खड्ग, आणि मित्राला पाहून मुखावर हसू.

तेवढ्यात चक्रांची घरघर धृतवर्म्याच्या कानी पडली. ती त्याने दानवांच्या वेळी ऐकली होती. आपलेच वाक्य त्याला अक्षरशः आठवले आणि तो ओरडला.

"शस्त्र टाका! महाराज, शस्त्र टाका!"

नगाऱ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही. डोळ्यांसमोर घडत होते तरी त्याला ते खरे वाटेना. राजाचे धड कोसळले, पाने मुठीतच राहिली. मागचे वीर खड्गे उगारून राजाकडे धावले, म्हणून तेही पडले. वाद्ये थांबली तेव्हा उरलेल्यांना त्याची हाक ऐकू आली आणि त्यांनी शस्त्रे फेकली.

धृतवर्मा रक्ताने माखलेल्या वस्त्रांनिशी आश्रमात गेला आणि वर परत घ्या म्हणून महर्षींच्या पायांवर कोसळला.

"दिलेला वर मला मोडता येत नाही," महर्षी म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते. "चक्रे चुकली नाहीत, वत्सा. तू शत्रूच्या येण्याचाच विचार केलास. आपला माणूस घरी कसा येईल, ते तू सांगितलेच नाहीस."

म्हणून कनकावतीचे वीर दसऱ्याला शस्त्रे सीमेबाहेरच ठेवून रित्या हातांनी घरी येऊ लागले. आणि कोणी शिल्पी नवे अस्त्र घेऊन दरबारात आला, की त्याच्या तेजाची, वेगाची चौकशी नंतर होई. आमचा माणूस परत येताना हे त्याला ओळखेल ना, एवढेच शिल्प्याला आधी विचारीत.